एका चित्राची चौकशी : अजिंठ्यातील ‘इराणी वकिलात’

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरून मागे वळून पाहिले म्हणजे प्रवेशभिंतीच्या आतल्या अंगावर राजसभेचे एक मोठे चित्र दिसते. मध्यभागी आसनावर राजा बसला आहे, भोवती सेवक व स्त्रिया आहेत, आणि समोरून परक्या वेशातले काही दाढीवाले पुरुष टोकदार टोप्या घालून नम्रपणे नजराणा घेऊन येत आहेत. एकाच्या हाती मोत्यांचा सर आहे. आमच्यापैकी पुष्कळांनी हे चित्र लेण्यात जाऊन पाहण्याच्या आधी इतिहासाच्या पुस्तकात पाहिले आणि त्याखालची ओळ पाठ केली : चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी इराणच्या बादशहाच्या वकिलाचे स्वागत करीत आहे. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो तेव्हा तीच ओळ, जशी मिळाली तशी, मुलांच्या हाती दिली. तीत शंका घेण्यासारखे काही असेल असे कित्येक वर्षे आमच्या मनातही आले नाही.

शंका घेतली ती नववीतल्या एका मुलाने. त्याने विचारले, “सर, हा पुलकेशी आहे असे तिथे भिंतीवर लिहिले आहे का?” आम्ही म्हणालो, “तसे नाही, पण विद्वानांनी ठरवले आहे.” त्यावर तो म्हणाला, “कोणत्या?” त्या दिवशी तास संपल्याची घंटा वेळेवर झाली हे आमचे सुदैव. मात्र त्या एका शब्दाच्या प्रश्नाने आम्हास पुढची दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयांत बसविले. चित्राचा अभ्यास चित्रासमोर उभे राहून करावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरीच आहे. परंतु चित्राखालच्या नावाचा अभ्यास लेण्यात होत नाही. नाव हे कोणीतरी, केव्हातरी, कोठेतरी छापलेले असते, आणि त्याचा जन्म शोधण्याची जागा ग्रंथालय हीच होय.

पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटेल अशी होती, पण तिने आमचा बराच वेळ खाल्ला. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘अजिंठा’ हे नाव निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले आढळते. ग्रंथालयाची यादी वर्णानुक्रमाने असेल तर ‘अ’नंतरचे अक्षर ‘जे’ की ‘डी’, आणि त्यापुढे ‘ए’ की ‘यू’, यावर ग्रंथ सापडणे न सापडणे अवलंबून राहते. एका ग्रंथालयात तर ग्रिफिथ्स यांचे प्रचंड आकाराचे दोन खंड प्रवासवर्णनांच्या कपाटात, तेही आडवे, एकावर एक ठेवलेले मिळाले. यादीत ते होते, परंतु ‘चित्रकला’ या विषयाखाली नव्हते. तेव्हा ज्याला एखाद्या कलाकृतीची चौकशी करावयाची आहे त्याने प्रथम तिची सगळी नावे, सगळी लेखनरूपे आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांची नावे एका कागदावर मांडावीत, आणि ग्रंथपालाशी मैत्री करावी. दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक फलदायी ठरते.

त्यानंतरचा प्रश्न असा की आपण नेमके कोणते चित्र पाहत आहोत? हा प्रश्न विचित्र वाटेल. पण अजिंठ्याच्या बाबतीत तो टाळता येत नाही, कारण छापील पुस्तकांत आपण पाहतो ते बहुधा चित्र नसून चित्राची नक्कल असते. १८१९ साली जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातील अधिकारी या लेण्यांपाशी पोचला. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी ती पाहिली, आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह धरला. त्याप्रमाणे मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे तेथे राहून मोठ्या तैलनकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात आग लागून त्यांपैकी बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा काम हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील पुष्कळ नाहीशा झाल्या. उरल्यासुरल्या साहित्यावरून ग्रिफिथ्स यांनी १८९६–९७ साली दोन खंड प्रसिद्ध केले. पुढे लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृतींच्या साहाय्याने नकला केल्या. त्यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद हेही होते. त्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये निघाला.

या सर्वांत हैदराबादच्या वाचकाला विशेष जवळचा ग्रंथ म्हणजे गुलाम याझदानी यांचा. त्या काळी लेणी निजामाच्या राज्यात होती. १९१४ मध्ये तेथे पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि याझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांचे ‘अजंठा’ या नावाचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ या साली प्रसिद्ध झाले. रंगीत छायाचित्रांच्या आधारे केलेले हे पहिलेच मोठे काम होय. मधल्या काळात, १९२० ते १९२२ मध्ये, निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रांची डागडुजी करविली. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पक्का बसविला हे उपकार खरे. परंतु चित्रांवर लाखेचे रोगण चढले आणि कालांतराने ते पिवळे पडले. म्हणजे पाहा, ग्रिफिथ्सच्या पानावरचा रंग हा नकलाकाराच्या हातचा, याझदानींच्या पानावरचा रंग रोगणाखालचा, आणि अलीकडच्या पुस्तकांतला तिसराच. एकाच चित्राच्या या प्रतिमा शेजारी शेजारी उघडून ठेवल्यावाचून कोणत्याही टोपीच्या रंगाविषयी किंवा अंगरख्याच्या कापडाविषयी विधान करू नये असे आम्हास वाटते. आम्ही स्वतः एकदा तसे विधान करून बसलो होतो. याझदानींचा पहिला भाग पाहिल्यावर ते मुकाट्याने खोडले.

आता मुख्य प्रश्न. या चित्राला पुलकेशीचे नाव प्रथम कोणी दिले? मागे मागे जाण्याची रीत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. शालेय पुस्तक हाती घ्यावे, त्याने कोणाचा आधार घेतला ते पाहावे, त्या ग्रंथाने कोणाचा घेतला ते पाहावे, आणि अशा रीतीने जेथे पुढे दुसऱ्याचे नाव येत नाही तेथे थांबावे. आमच्या शालेय पुस्तकामागे व्हिन्सेंट स्मिथ यांचा १९०४ सालचा प्राचीन भारताचा इतिहास निघाला. एका पिढीने इतिहास शिकला तो याच ग्रंथातून, आणि त्यात ही इराणी वकिलात निःशंकपणे सांगितलेली आहे. स्मिथ यांच्यामागे मात्र एकच लेख उभा आहे : जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये, नव्या मालिकेच्या अकराव्या खंडात लिहिलेला. अजिंठ्याच्या चित्रांत दुसऱ्या खुस्रूची प्रतिमा आपणास ओळखता आली, असे प्रतिपादन करणारा तो लेख आहे. पाने फार नाहीत. एका बैठकीत वाचून होतो. पण त्या थोड्या पानांवर केवढी इमारत उभी राहिली!

फर्ग्युसन हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. भारतीय वास्तुकलेचा पहिला सुसंगत इतिहास त्यांनी लिहिला, आणि अजिंठ्याची चित्रे आज ज्या प्रमाणात आपणास ठाऊक आहेत त्याचे पुष्कळसे श्रेय त्यांच्या १८४३ सालच्या निबंधाला आहे. परंतु त्यांचा स्वभाव एकदा सुचलेल्या कल्पनेला घट्ट धरून बसण्याचा होता. याच चित्रांतील परदेशी मनुष्यांविषयी राजेंद्रलाल मित्र यांनी एक वर्ष आधी, १८७८ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात निबंध लिहिला होता. या दोघांचे वैर प्रसिद्धच आहे. १८८४ मध्ये तर फर्ग्युसन यांनी मित्र यांच्याविरुद्ध एक स्वतंत्र पुस्तक छापले. ग्रंथालयात या दोन जर्नलांचे खंड एकामागून एक वाचले तर आपल्या ध्यानात येते की १८७९ च्या लेखाकडे निव्वळ शोध म्हणून पाहून चालत नाही. तो एका चालू वादाच्या भरात लिहिला गेला आहे.

फर्ग्युसन यांचा आधार दुहेरी होता. चित्रातील पोशाख इराणी दिसतो, हा एक. आणि अरब इतिहासकार तबरी याच्या ग्रंथात हिंदुस्थानच्या एका राजाने खुस्रूकडे पत्रे पाठविल्याचा उल्लेख आहे, हा दुसरा. त्याच साली थिओडोर नोल्डेके या जर्मन पंडिताचे तबरीच्या सासानी भागाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. तबरीच्या मजकुरात त्या राजाचे नाव जसे आले आहे ते अरबी लिपीत ‘फुर्मीशा’ असे काहीसे वाचले जाते. अरबी लेखनात एखादा ठिपका हलला की अक्षर बदलते; म्हणून नोल्डेके यांनी सुचविले की मूळ नाव ‘पुलिकेश’ असावे. सूचना चतुर आहे, आणि कालदृष्ट्या जुळतेही : दुसऱ्या पुलकेशीची कारकीर्द सुमारे ६१० ते ६४२, आणि खुस्रूची ५९० ते ६२८.

इथपर्यंत वाचून आमचा उत्साह काहीसा मावळला. वाटले, परंपरागत ओळच खरी ठरणार. पण तबरीतला तो प्रसंग फर्ग्युसनच्या शब्दांवर न विसंबता भाषांतरात काढून वाचण्याचे आम्ही ठरविले. आमच्या सबंध चौकशीतील सर्वांत उपयोगी तास तोच ठरला.

प्रसंग असा आहे. खुस्रूला त्याच्या मुलाने, शीरूयाने, पदच्युत करून कैदेत टाकले आहे. मुलाने धाडलेल्या आरोपांना म्हातारा बादशहा एकेक करून उत्तर देत आहे. त्यात तो सांगतो की आपल्या राज्याच्या छत्तिसाव्या वर्षी हिंदच्या राजाने आपणास आणि आपल्या मुलांस पत्रे व भेटी पाठविल्या होत्या. शीरूयासाठी आलेल्या भेटींत एक हत्ती, एक तलवार, एक पांढरा ससाणा आणि एक जरीचा अंगरखा होता. आणि पत्रावर ते गुप्त राखण्याची सूचना होती. खुस्रूने हिंदी लिपी जाणणाऱ्या माणसाकडून ते वाचून घेतले, तर त्यात भविष्य होते : खुस्रूच्या राज्याच्या अडतिसाव्या वर्षी तू गादीवर बसशील. खुस्रूचे छत्तिसावे वर्ष म्हणजे इ. स. ६२५–२६, आणि शीरूया गादीवर आला तो ६२८ मध्ये. भविष्य अगदी तंतोतंत खरे ठरले!

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की वकील हिंदुस्थानातून इराणात गेले आहेत. इराणचे वकील हिंदुस्थानात आले असे तबरी कोठेही सांगत नाही. फर्ग्युसन यांनी, भेटी आल्या म्हणजे उलट भेटीही गेल्याच असतील, असे गृहीत धरले आणि त्या गृहीत वकिलातीचे चित्र भिंतीवर शोधून काढले. शालेय पुस्तकात ‘इराणच्या बादशहाचा वकील’ म्हणून जो येतो तो या गृहीतकातून जन्मला आहे. दुसरी गोष्ट अशी की हा मजकूर राजकीय दप्तरातला नव्हे. पित्याने मुलाला दिलेल्या उत्तरात, घडून गेलेल्या घटनेचे भविष्य म्हणून तो येतो, आणि लिहिणारा तबरी ९२३ मध्ये वारला, म्हणजे प्रसंगाहून सुमारे तीन शतकांनी. त्यात सत्याचा अंश नाही असे आम्ही म्हणत नाही. दक्षिणेतून पश्चिमेकडे जाणारा व्यापार मोठा होता, आणि एखाद्या चालुक्य राजाने इराणला पत्र पाठविणे मुळीच अशक्य नाही. परंतु एका कैद्याच्या बचावातील भविष्यकथेवर भिंतीवरच्या चित्राचे नाव टांगणे हे ओझे त्या कथेला पेलणारे नाही.

मग पुलकेशीचा स्वतःचा लेख काय सांगतो हे पाहणे प्राप्तच होते. ऐहोळ्याच्या टेकडीवरील जैन मंदिरात रविकीर्तीची प्रशस्ती आहे, शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४–३५ ची. राजाचा एकही पराक्रम सांगावयाचा राहू नये अशी त्या कवीची खटपट आहे. हर्षाचा पराभव तीत आहे, नव्याण्णव हजार गावांची तीन महाराष्ट्रके तीत आहेत, लाट, मालव, गुर्जर, कोसल, कलिंग सारे आहे. इराणच्या बादशहाशी पत्रव्यवहार झाला असता, आणि तोही या प्रशस्तीच्या आधी जेमतेम दहा वर्षे, तर रविकीर्ती तो सोडता असे आम्हास वाटत नाही. ह्युएनत्संग पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरातल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले तो बहुधा अजिंठाच होय. राजाच्या शौर्याविषयी तो लिहितो, लेण्यांविषयी लिहितो, आणि या दोहोंचा संबंध कोठेही जोडीत नाही.

फर्ग्युसनच्या मताला खरा धक्का मात्र वेगळ्याच बाजूने बसला. पहिल्या लेण्यात दान देणाऱ्याचा लेख नाही, त्यामुळे त्याचा काळ शेजारच्या लेण्यांवरून ठरवावा लागतो. सोळाव्या लेण्यातील वाकाटकांचा लेख महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादून १९४१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो प्रसिद्ध झाला हैदराबादच्याच पुराणवस्तू ग्रंथमालेत, चौदाव्या क्रमांकावर. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले. १९६३ मध्ये मिराशींचा वाकाटक लेखांचा संपूर्ण खंड निघाला. तत्पूर्वी, १९५७ साली, त्यांनी याच विषयावर मराठीतही ग्रंथ लिहिला होता, आणि जो शिक्षक इंग्रजी खंडाला बिचकतो त्याने तो तरी अवश्य पाहावा. हरिषेणाचा काळ मिराशींच्या मते सुमारे ४७५ ते ५००. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचाच अभ्यास करून तो ४६० ते ४७७ असा आणखी मागे नेला, आणि पहिले लेणे तर खुद्द हरिषेणाचेच असे मत मांडले. स्पिंक यांच्या काटेकोर कालगणनेवर सर्वांचे एकमत नाही. तथापि मिराशी घ्या की स्पिंक, हरिषेण आणि पुलकेशी यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडते. पुलकेशी राज्यावर आला तेव्हा ही भिंत रंगवून कित्येक दशके लोटली होती.

येथे आमच्याच गावाविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. अजिंठा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला, पण त्याचे जे संशोधन निजामी राज्यात झाले त्याचे कागद हैदराबादच्या जुन्या कपाटांत राहिले. मिराशींची वर सांगितलेली पुस्तिका तेथलीच. फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांनी चित्रांतील कथा ओळखण्यासंबंधी लिहिलेले प्राथमिक टिपणही हैदराबाद आर्किऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलात, १९१९–२० च्या अंकात आले. आम्हास मिळालेल्या प्रतीची पाने कापलेलीही नव्हती. कित्येक दशके ते पुस्तक ग्रंथालयात आहे, आणि आम्ही दरवर्षी मुलांना चुकीची ओळ पाठ करायला लावीत आहोत! आता जुन्या जर्नलांचे पुष्कळसे खंड यंत्रावर घरबसल्या वाचता येतात, तेव्हा ती सबबही उरली नाही.

असो. पुलकेशी नाही, तर मग चित्रात आहे कोण? अजिंठ्याच्या भिंतींवरील बहुतेक मोठी चित्रे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या किंवा चरित्राच्या कथा सांगतात. समकालीन राजाचा दरबार मध्येच यावा हे त्या भिंतींच्या रिवाजाला सोडून होते. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी बौद्ध कथावाङ्‌मय आणि चित्रे ओळीने ताडून पाहिली. त्यांचे निबंध १९८७ मध्ये दिल्लीत इंग्रजीतून पुस्तकरूपाने निघाले. त्यांनी हे दृश्य महासुदर्शन राजाच्या कथेतले म्हणून ओळखले, आणि स्पिंक यांनीही तेच नाव स्वीकारले. ही कथा पाली दीघनिकायात आहे. कुशावतीचा तो चक्रवर्ती राजा, त्याच्याकडे प्रजाजन आपण होऊन धन घेऊन येतात आणि तो ते स्वीकारीत नाही; बुद्ध कुशिनारा येथे देह ठेवण्यापूर्वी आनंदाला सांगतात की तो राजा मीच होतो. नजराणा घेऊन येणारी माणसे, वैभवाने भरलेली सभा आणि त्या वैभवातही शांत बसलेला राजा, हे सर्व या कथेशी जुळते.

परदेशी वेशाचा उलगडाही कठीण नाही. चक्रवर्तीच्या दारी दूरदूरचे लोक येतात हे दाखवावयाचे तर चित्रकाराने त्याला माहीत असलेले दूरचे लोक रंगविले, आणि पाचव्या शतकात दख्खनच्या व्यापारी वाटांवर सासानी इराणचे लोक माहीत नव्हते असे थोडेच होते? अशा टोप्या आणि असे अंगरखे अजिंठ्यात इतरत्रही आहेत. सतराव्या लेण्यात बुद्धाच्या भोवती जमलेल्या समुदायात ते दिसतात, आणि ज्या छतावरच्या मद्यपानाच्या चौकटीत फर्ग्युसन यांना खुस्रू आणि त्याची राणी शिरीन दिसली तेथेही तेच आहेत. पोशाखावरून माणूस कोणत्या देशाचा हे कळू शकते. तो कोणाचा वकील हे कळत नाही.

या नव्या ओळखीलाही आम्ही अखेरचा शब्द मानीत नाही. भिंतीवरचे चित्र पुष्कळ ठिकाणी झिजले आहे, आणि श्लिंगलॉफ यांचे नावदेखील एका माणसाने, एका साली, एका ग्रंथात दिलेले आहे. फरक इतकाच की त्यांचा पुरावा चित्राच्या शेजारच्या चित्रांतून आणि त्या धर्माच्याच ग्रंथांतून आला आहे, आणि तो ज्याला हवा त्याला ताडून पाहता येतो.

तो नववीतला मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला. सध्या तो पुण्यास नोकरीला आहे. त्याला आम्ही पत्राने सर्व हकीकत कळविली. वर्गात आता आम्ही या चित्राखाली फळ्यावर असे लिहितो : अजिंठा, लेणे पहिले, प्रवेशभिंत, राजसभा, बहुधा महासुदर्शनाची कथा, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, १८७९ पासून पुलकेशीच्या नावाने प्रसिद्ध. ओळ लांब होते आणि मुले कुरकुर करतात. शेवटचा भाग आम्ही मुद्दाम ठेवला आहे, कारण त्यांच्या पुस्तकात अजून पुलकेशीच आहे आणि परीक्षेत तोच विचारला जातो.